दरवर्षी त्याच जागी

रमझानच्या पहिल्याच दिवशी, दुपारच्या नमाजाआधी, रिफअत दुकानामागच्या न्हाणीत गेला. कडी घातली, ती नीट बसली की नाही ते दार ओढून पाहिलं, आणि मग कपडे सारून खाली वाकून बघितलं.

डाग आला होता.

लिंगाच्या टोकावर, उजव्या अंगाला, गेल्या वर्षी होता अगदी तिथेच. वाटोळा, जांभळट लाल, कडा कुणी आखून दिल्यासारख्या. कॉफीच्या दाण्याहून थोडा मोठा. पाण्याचा थेंब पडला तरी चुरचुरत होतं.

"आलास का?" तो पुटपुटला. आवाजात राग होता, पण त्याहून जास्त नवल होतं.

रिफअत सत्तावन्न वर्षांचा होता. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळं सल्त शहर त्याला अबू शाहिर म्हणे. हम्माम गल्लीत त्याचं कॉफी भाजायचं दुकान होतं, वडिलांच्या हातचं. भट्टीवरचा लोखंडी ढोल फिरत असताना दाणे तडकण्याचा आवाज ऐकून तो सांगू शके की अजून अर्धं मिनिट हवं की आता पुरे. जे दिसेल, ऐकू येईल, नाकाला कळेल त्याचं कारण शोधायची त्याला खोड होती. एखाद्या खेपेची कॉफी कडवट उतरली तर तो झोपेतसुद्धा त्याचाच विचार करी. पाणी बदललं का? वेलदोडा जुना होता का? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, असं वडिलांनी शिकवलं होतं.

पण या डागाचं कारण त्याला तीन वर्षांत सापडलं नव्हतं.

पहिल्यांदा तो आला त्या वर्षी बायको, मैसून, जाऊन चार महिने झाले होते. रमझानचा दुसरा आठवडा चालू होता. रिफअतला वाटलं, दुःखाने शरीर बिघडतं, त्यातलंच हे काहीतरी. ईदपर्यंत डाग विरला, मागे फिकट तपकिरी खूण राहिली. दुसऱ्या वर्षी तो तिसऱ्या दिवशी आला. मधल्या अकरा महिन्यांत काही नाही, खाज नाही, आग नाही. आणि यंदा पहिल्याच दिवशी, मागच्यापेक्षा मोठा.

यंदा तो दुसरं लग्न करणार होता.

ईदच्या तिसऱ्या दिवशी निकाह होता. मुलगी म्हणायची ती एकोणपन्नास वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी इतिदाल. कधी लग्नच न केलेली, स्पष्ट बोलणारी, हसताना तोंडावर हात न ठेवणारी. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बहिणीने, सुबहियाने, हे जमवलं होतं. दोनदा बैठकीत भेट झाली. इतिदालने त्याला विचारलं होतं, "कॉफीचा दाणा भाजल्यावर हलका होतो, तो नेमका किती?" त्याला इतका आनंद झाला की उत्तर देताना त्याने पेला सांडला होता.

आता न्हाणीत उभा राहून तो हिशेब जुळवत होता. मैसून गेली आणि हे सुरू झालं. दुसऱ्या वर्षी लवकर आलं. यंदा तो दुसरी बायको आणायला निघाला तर पहिल्याच दिवशी. आणि तेही कुठे, तर तिथेच. मैसून रागावली असेल का? जिवंतपणी ती कधी दोन तासांपेक्षा जास्त रागावली नव्हती. पण मेलेल्या माणसाचा स्वभाव तोच राहतो की नाही, हे कोण सांगणार?

आणि मैसूनचं नसेल तर रोग असेल. रोग असला तर तो इतिदालला लागेल. दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी निकाह करणं बरोबर नव्हतं. त्याने स्वतःला पंधरा दिवसांची मुदत दिली. अर्ध्या रमझानापर्यंत कारण कळलं तर ठीक. नाही कळलं तर सुबहियाला पाठवून नाही म्हणून सांगायचं.

*

शेजारी अबू मिशअलचं अत्तारी दुकान होतं. झाडपाल्याची औषधं, सुकी फुलं, मध, तुरटी, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त गप्पा.

"काय रे अबू शाहिर," अबू मिशअल दारातूनच ओरडला, "आज चालतोस कसा? उंटावरून उतरल्यासारखा?"

"पाठ धरलीय."

"पाठ धरली की माणूस वाकून चालतो. फाकून नाही चालत."

रिफअतने इकडेतिकडे पाहिलं. दुपारची वेळ, सगळे उपाशी, गल्ली सुस्तावलेली. डोकं त्याचं जरा जड होतं. ढोलातून कॉफीचा वास येत होता आणि तोंडात एक थेंब घालायची सोय नव्हती.

"माझं एक गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला. "त्याला एक त्रास आहे."

"बरं."

"पुरुषाच्या जागी. डाग. आग होते."

"हे गिऱ्हाईक किती वर्षांचं?"

"असेल पन्नाशी उलटलेलं."

"ईदनंतर लग्न आहे का त्याचं?"

अबू मिशअलने दाढी खाजवली आणि त्याच्यावर दया केल्यासारखा आवाज खाली आणला. "तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, नजर लागलीय. म्हातारपणी नवरदेव होतो म्हणजे काय, अर्ध्या गल्लीच्या पोटात दुखतंय. आणि नजर काय डोक्यालाच लागते असं नाही."

"मग दरवर्षी रमझानातच कशी लागते? तेव्हा तर लग्न नव्हतं."

"हे बघ, मला प्रश्न विचारू नकोस. औषध घे." त्याने तुरटी कुटली, त्यात कसलीशी पिवळी पूड मिसळली. "व्हिनेगरमध्ये कालवून लावायचं. आणि साबणाने धुवत राहायचं, दिवसातून पाच वेळा. प्रत्येक नमाजाआधी. घाण राहिली की त्रास."

धुण्याचं त्याला सांगायलाच नको होतं. रिफअत आधीच धूत होता. असं काही अंगावर असताना आपण नमाजाला पाक आहोत की नाही, या शंकेने तो दर वेळी साबण लावून घासत होता, वर जंतुनाशकाची धार. त्यात आता तुरटी आणि व्हिनेगर पडलं. पहिल्या रात्री तो उशी तोंडात धरून बसला. तिसऱ्या दिवशी डागाभोवतीची सगळी कातडी लाल झाली, सुकली, तडकायला लागली. पूर्वी एक डाग होता, आता मोहल्लाच पेटला.

तरी त्याने वडिलांची रीत सोडली नाही. एका वेळी एकच गोष्ट. रमझानात तो नवे आतले कपडे घाली, सुबहिया आणून देई. ते काढून जुने सुती घातले. फरक नाही. इफ्तारला चिंचेचं सरबत असे, तेही फक्त रमझानात. ते बंद केलं. फरक नाही. जर्दाळूचं सरबत बंद केलं.

"हे काय?" सुबहिया कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सरबत नको, कतायेफसारखी मिठाई नको. सासरी जायचंय का तुला, की बायको आणायचीय?"

"पोट जड होतंय."

"तुझं पोट नाही, मन जड झालंय. मला कळतं. इतिदालने पडद्याचं कापड पसंत केलं. हिरवं. विचारत होती, अबू शाहिरना हिरवा आवडेल का."

"सुबहिया, समजा..."

"समजा काय?"

"समजा हे लांबवलं तर?"

सुबहियाने हातातली पळी खाली ठेवली. "एकोणपन्नास वर्षांच्या बाईने पहिल्यांदा होकार दिलाय, रिफअत. तिच्या सगळ्या शाळेला माहीत आहे. तू लांबवलंस ना, तर मी तुझ्या दुकानासमोर उभी राहून कॉफीत चणे मिसळतोस म्हणून ओरडेन."

त्याला हसू आलं, पण लगेच विरलंही. नाही म्हणायची पाळी आली तर ती बाई शाळेत कोणत्या तोंडाने जाईल, याचा त्याने तोवर विचारच केला नव्हता.

*

पाचव्या दिवशी तो अम्मानला गेला. सल्तमध्ये त्वचेचा डॉक्टर होता, पण त्याच्या दारावर पाटी होती, 'त्वचा आणि गुप्तरोग'. आणि दवाखाना भाजीबाजाराच्या बरोबर समोर. त्या जिन्यावर पाय ठेवणारा माणूस त्वचेसाठी चाललाय असं मानणारा सल्तमध्ये एकही भाजीवाला नव्हता.

अम्मानमध्ये जबल हुसैन वस्तीत डॉक्टर बुर्हानच्या दारावरही तीच पाटी होती, पण तिथे त्याला कोण ओळखतंय? तो मान खाली घालून आत गेला, नाव लिहिलं, कोपऱ्यातली खुर्ची गाठली, आणि डोळे वर केले तर समोर सल्तच्या मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक, उस्ताद गालिब.

दोघेही एकमेकांकडे बघत राहिले.

"नख," उस्ताद गालिब म्हणाले. "पायाचं नख."

"माझंही," रिफअत म्हणाला. "नखच."

"रमझान मुबारक."

"तुम्हालाही मुबारक."

मग अर्धा तास दोघांनी भिंतीवरचं सूर्यापासून कातडी कशी जपावी याचं पत्रक वाचलं. रिफअतने ते इतक्यांदा वाचलं की त्यातली एक ओळ दोनदा छापली गेल्याचंही त्याच्या लक्षात आलं.

डॉक्टर बुर्हान चाळिशीचा, टक्कल पडलेला, मोठ्या आवाजाचा होता. आवाज कमी करायची त्याला सवय नव्हती, आणि दार पातळ होतं. "झोपा. लाजू नका, मी दिवसातून वीस बघतो. हं. हा डाग. आणि हे बाकीचं लाल काय? काय लावलंत?"

रिफअतने सांगितलं.

"तुरटी? व्हिनेगर? आणि जंतुनाशक? दिवसातून पाच वेळा साबण?" डॉक्टरने कपाळाला हात लावला. "हाजी, ही कातडी पापणीसारखी पातळ असते. तुम्ही पापणी व्हिनेगरने घासाल का? यातला अर्धा आजार तुम्ही स्वतः केलाय. नुसतं कोमट पाणी. दुसरं काही नाही. आणि नमाजाला पाण्याने धुतलं की तुम्ही पाक."

"आणि दुसरा अर्धा?"

"तोच मला बघायचाय." डॉक्टरने भिंग घेतलं. "कधी येतो?"

"रमझानात."

"फक्त रमझानात?"

"तीन वर्षं. पहिल्या वर्षी दहाव्या दिवशी आला, गेल्या वर्षी तिसऱ्या, यंदा पहिल्या. जागा तीच. ईदपर्यंत जातो, खूण राहते. दरवर्षी खूण जास्त काळी." मग त्याने धीर करून विचारलं, "रोग आहे का? बायकांना लागणारा?"

डॉक्टरने भिंग बाजूला ठेवलं. पहिल्यांदाच त्याने रिफअतकडे माणूस म्हणून नीट पाहिलं. "इतकं नेमकं मला कुणी सांगत नाही. लोक म्हणतात, केव्हातरी आलं बहुतेक. तुम्ही काय करता?"

"कॉफी भाजतो."

"तरीच. आता सांगा, औषधं कोणती घेता?"

"कुठलीच नाही."

"रक्तदाब, साखर?"

"अल्लाची कृपा."

"प्रतिजैविकं? सांधेदुखीचं काही? रमझानात घशाला काही?"

"डॉक्टरसाहेब, मी आयुष्यात औषध घेतलेलं नाही. माझी बायको म्हणायची, हा माणूस आजारी पडला तर डॉक्टर भुकेने मरेल. अल्लाशपथ नाही."

डॉक्टर निराश झाल्यासारखा दिसला. जणू हातात आलेला मासा निसटला. त्याने खात्रीसाठी रक्ताची तपासणी लिहून दिली, एक सौम्य मलम दिलं. "मलमाने रोजा मोडत नाही," तो रिफअतने विचारायच्या आतच म्हणाला. "आणि हा कागद घ्या. दोन दिवस तुमच्या अंगाला जे जे लागेल आणि तोंडात जे जे जाईल ते सगळं लिहा. सगळं म्हणजे सगळं. तिसऱ्या दिवशी या."

बाहेर येताना उस्ताद गालिब आत जायला उठले. "नख कसं आहे?" त्यांनी घाईने विचारलं.

"दोन दिवसांनी परत बोलावलंय."

"अरे देवा," उस्ताद गालिब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखरच उतरला.

*

लिहिण्याचं काम रिफअतला आवडलं. कागद अपुरा पडला म्हणून त्याने दुकानातली कॉफी बांधायची जाड पिशवी फाडून उलटी केली. इफ्तार: तीन खजूर, एक पेला पाणी, मसुराचं सार, भात, कोंबडीचा पाय, काकडी. मग कॉफी, एक. रात्रीच्या तरावीह नमाजानंतर कॉफी, तीन. पहाटेची सहरी: दोन पाव, लबना दही, झातर मसाला, ऑलिव्ह सात, उकडलेलं अंडं, चहा, दोन पेले पाणी, एक डोक्याची गोळी. अंगाला: सुती आतला कपडा, जुना. कोमट पाणी. मलम.

दुसऱ्या दिवशीही तसंच. फक्त ऑलिव्ह नऊ.

रक्ताची तपासणी स्वच्छ निघाली. डॉक्टर बुर्हानने ती बाजूला सारून पिशवी वाचायला घेतली. वाचताना तो एकदा हसला ("ऑलिव्ह मोजता?"), आणि मग सहरीच्या ओळीवर थांबला. बोट तिथेच ठेवून त्याने मान वर केली.

"हे काय?"

"कुठलं?"

"डोक्याची गोळी."

"ती होय. ती डोक्याची."

"हाजी, तुम्ही अल्लाची शपथ घेतली होती. औषध घेत नाही म्हणून."

"ते औषध नाहीये," रिफअत समजुतीच्या सुरात म्हणाला. "ती वाण्याकडे मिळते, काडेपेट्यांशेजारी. रमझानात सगळेच घेतात. मला वर्षभर दिवसाला अकरा कप लागतात, चव घ्यायचीच असते ना धंद्यात. मग पहिले आठ-दहा दिवस दुपारी डोकं फुटतं. सहरीला एक गोळी घेतली की संध्याकाळपर्यंत निभतं. माझी बहीण ताटातच ठेवते, मिठाशेजारी."

"आणि रमझान सोडून?"

"रमझान सोडून डोकं कशाला दुखेल? कॉफी असते."

डॉक्टर बुर्हान खुर्चीत मागे रेलला, दोन्ही हात टकलावर ठेवले आणि खोली दणाणेल असा हसला. मग उठून त्याने कपाटातून एक पुस्तक काढलं आणि चित्र दाखवलं. वाटोळा, जांभळट, कडा आखलेल्या. दुसऱ्या कुणाचा तरी. पण रिफअतला तो आपल्या घरच्या माणसासारखा ओळखीचा वाटला.

"काही माणसांच्या शरीराला एखादं औषध खपत नाही," डॉक्टर म्हणाला. "आणि ते सगळ्या अंगावर उठत नाही, एकाच जागी उठतं. ओठावर, हातावर, आणि पुष्कळदा इथे. परत घेतलं की परत तिथेच. दर वेळी आधीपेक्षा लवकर. पहिल्या वर्षी दहा दिवस, मग तीन, मग एक. तुम्ही मला पहिल्याच दिवशी उत्तर सांगितलं होतं, मीच वेड्यासारखा शपथेवर विश्वास ठेवून बसलो."

"तिथेच का?"

"त्वचेला आठवण राहते."

"पण तिथेच का? हातावर का नाही?"

"ते नेमकं कुणालाच ठाऊक नाही, हाजी."

याचा रिफअतला जेवढा धक्का बसला तेवढा मूळ निदानाचाही बसला नव्हता. इतकी पुस्तकं असून कुणाला ठाऊक नाही! मग त्याच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहिला. "मी पूर्वीही रोजे ठेवत होतो. चाळीस वर्षं. डोकं तेव्हाही दुखायचं. तेव्हा का नाही झालं?"

"तेव्हा हीच गोळी घ्यायचात?"

तेव्हा गोळी नव्हती. तेव्हा मैसून दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत यायची. गुलाबपाण्यात भिजवलेला रुमाल त्याच्या कपाळावर करकचून बांधायची आणि म्हणायची, बोलू नकोस, बोललास की ठणकेल. ती गेली, रुमाल बांधणारं कुणी उरलं नाही, आणि सुबहियाने ताटात गोळी ठेवायला सुरुवात केली.

म्हणजे मैसून गेल्यामुळेच हे सुरू झालं, हे त्याचं खरं होतं. फक्त ती रागावली नव्हती.

तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. डॉक्टरने त्याला पुसू दिला.

"लागत नाही ना कुणाला?" शेवटी त्याने विचारलं.

"कुणालाही नाही. ईदनंतर लग्न करा, उद्या करा. पण ही गोळी पुन्हा नाही, आणि या जातीची कुठलीही नाही. नाव लिहून देतो, ती चिठ्ठी खिशात ठेवायची, प्रत्येक डॉक्टरला दाखवायची."

"पण खात्री कशी होणार? एकदा घेऊन पाहिली, नुसती अर्धी..."

"हाजी!" डॉक्टर ओरडला, आणि बाहेर बसलेल्यांनी नक्कीच ऐकलं. "ही कॉफी नाही. पुढच्या वेळी फोड येतील, कातडी सोलून निघेल. प्रयोग नाही करायचा. समजलं?"

"समजलं," रिफअत म्हणाला. पण अर्धी घेतली असती तर डाग अर्धाच आला असता का, हा विचार परतीच्या बसमध्ये वाटेतलं सुवैलेह येईपर्यंत त्याच्या डोक्यातून गेला नाही.

*

गोळी बंद झाली. चौदाव्या दिवशी आग थांबली. विसाव्या दिवसापर्यंत भोवतालची लाली गेली, नवी कातडी आली. डाग मात्र पूर्ण गेला नाही. जुन्या कॉफीच्या डागासारखी गडद खूण राहिली. ही आता राहणार, असं डॉक्टरने आधीच सांगितलं होतं.

म्हणजे इतिदालला ती दिसणार होती.

आता हा नवा पेच पडला. ठरवलेली मुदत केव्हाच टळली होती, नाही म्हणायचं कारण उरलं नव्हतं. पण पहिल्याच रात्री तिला ती खूण दिसली, आणि तिने काही विचारलं नाही, नुसतं मनात ठेवलं तर? गणिताची बाई, दोन आणि दोन करणार. विधुर माणूस, अशा जागी डाग, अम्मानच्या फेऱ्या. आणि उस्ताद गालिबांची बायको तिच्याच शाळेत शिकवत होती.

सांगायला हवं होतं. निकाहाच्या आधी. पण कोणत्या शब्दांत? सुबहियाच्या तोंडून? तो विचार त्याने अंगावर पाल पडल्यासारखा झटकला. चिठ्ठी लिहावी? तीन लिहिल्या, तिन्ही भट्टीत घातल्या. एका चिठ्ठीत तर नुसतं 'आदरणीय' एवढंच लिहून झालं होतं.

ईदला तीन दिवस उरले असताना, दुपारी, इतिदाल स्वतःच दुकानात आली. ईदची कॉफी न्यायला. काळा कोट, राखाडी रुमाल, खांद्याला शाळेची बॅग. "अर्धा किलो, साधी, वेलदोडा भरपूर," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला नको असेन तर तेही आत्ताच बांधून द्या."

रिफअतच्या हातातली पळी थबकली. "काय?"

"तुमच्या बहिणीचा चेहरा रमझानच्या सुरुवातीला पडला होता. नंतर अचानक खुलला. तुम्ही दोनदा अम्मानला गेलात. मला घरी बसून अंदाज करायची सवय नाही, अबू शाहिर. काय आहे ते सांगा."

गल्लीत कुणी नव्हतं. अबू मिशअल त्याच्या दुकानात पेंगत होता, किंवा पेंगल्याचं दाखवत होता. रिफअतने दळणाचं यंत्र सुरू केलं, म्हणजे आवाजात बोलता येईल.

"माझ्या अंगावर एक डाग आहे," तो म्हणाला.

"मोठ्याने बोला, यंत्र चालू आहे!"

"डाग आहे! अंगावर!"

"कुठे?"

त्याने यंत्र बंद केलं. त्याच्या कानापर्यंत रक्त चढलं होतं. त्याची नजर एकदा खाली, स्वतःकडे गेली आणि चटकन काउंटरवर आली. इतिदालचा चेहराही हळूहळू लाल होत गेला. पण ती हलली नाही.

मग त्याने सगळं सांगितलं, काउंटरकडे बघत. तीन वर्षं, त्याच जागी, तुरटी, व्हिनेगर, ऑलिव्ह मोजलेली पिशवी, गोळी. मैसूनच्या रुमालाचंही सांगितलं. ते सांगायचं त्याने ठरवलं नव्हतं. "कुणाला लागत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण खूण राहिलीय. तुम्हाला नंतर दिसून काही वाटण्यापेक्षा आधी..." पुढे त्याला वाक्य सापडलं नाही. खिशातून त्याने डॉक्टरची चिठ्ठी काढली आणि तिच्यापुढे सरकवली.

तिने चिठ्ठी वाचली. परत दिली. रिफअतला वाटलं, झालं. आता ती कॉफी घेईल, सलाम करेल आणि जाईल. तिने बॅग उघडली. आतून पेन काढलं आणि काउंटरवरच्या कॉफीच्या पिशवीवर काहीतरी लिहायला लागली.

"दिवसाला अकरा कप म्हणालात?"

"अकरा. कधी बारा."

"अकरा धरू. एकदम बंद करता म्हणून डोकं दुखतं. दर तीन दिवसांनी एक कमी केला तर," पेन थांबलं, "तेहतीस दिवस. म्हणजे रमझानआधीचा शाबान महिना लागायच्या तीन-चार दिवस आधीपासून सुरू करायचं. चव घ्यायची ती घ्यायची, पण गिळायचं नाही, थुंकायचं. रमझान लागेल तेव्हा तुम्ही शून्यावर असाल. गोळीही नको, रुमालही नको." तिने एक रेघ ओढली. "पण तुमच्यावर सोडलं तर तुम्ही सातव्या कपाला अडाल. मला मोजावं लागेल."

रिफअत पिशवीवरच्या आकड्यांकडे बघत राहिला. अकरा, दहा, नऊ, सरळ खाली उतरत गेलेले. शाबान अजून दहा महिन्यांवर होता.

"आणि घरात हिरवे पडदे लावणार असं सुबहिया म्हणाली," तो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"आवडत नाही का हिरवा?"

"आवडतो."

"मग कॉफी बांधा, उशीर होतोय." ती रुमाल सारखा करत म्हणाली. "आणि अबू शाहिर, एक विचारू? तो तिथेच का येतो? हातावर का नाही?"

"डॉक्टर म्हणाले, नेमकं कुणालाच ठाऊक नाही."

"असं कसं?" ती म्हणाली, आणि कोपर काउंटरवर टेकवून खरंच विचार करायला लागली. रिफअतने वेलदोड्याचा डबा उघडला आणि, तिला घाई आहे हे विसरून, स्वतःही तिच्यासमोर कोपर टेकवलं.